उतारा, दाखला आणि ओटीपी: सरकारी कामाची खरी जागा ऑनलाइन शोधायची कशी?

बोरीकाठचा
१२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मूळचा पारोळ्याकडचा, पंधरा वर्षांपासून पुण्यात. गावी आई-बाबा. बाबा अजून शेती बघतात, फोन बटणांचा.

दोन कामं एकदम अंगावर आलीत. एक, पोरीची बारावी झाली, प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर हवं. दोन, बाबांना बँकेत पीककर्जाच्या नूतनीकरणाला सातबारा द्यायचाय. म्हटलं, आता सगळं ऑनलाइन आहे, सुटी कशाला टाकायची?

'जातीचा दाखला ऑनलाइन' असं टाकून शोधलं. वरच्या तीन जागा कुणाच्या तरी खासगी. एकीवर अशोकचक्र, तिरंगी पट्टी, 'अर्ज करा' असं ठळक बटण. नाव, जन्मतारीख, आधार, सगळं भरून झाल्यावर ३५० रुपये 'प्रक्रिया शुल्क' मागितलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पैसे वाचले, पण आधार क्रमांक देऊन बसलो.

तर प्रश्न असा की खरी जागा ओळखायची कशी? आणि राज्य सरकारचं सगळं एका ठिकाणी कुठे आहे का, की प्रत्येक कामाला वेगळं दार ठोठवायचं? तुम्ही कसं शोधता?

खान्देशी ठसका
१२ जून, रात्री ९:४४

सेतूत जा. विषय संपला.

पांझरा
१२ जून, रात्री १०:१५

ठसकाभाऊ, तो पुण्यात बसलाय. सेतू काय चालत येईल का?

बोरीकाठचे, पहिली खूण पत्त्याच्या शेपटीची. 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असेल तरच पुढे जायचं. ती शेपटी खासगी माणसाला मिळत नाही. 'महा' आणि 'सेवा' हे शब्द मात्र कुणीही लावतो. शोधात सगळ्यात वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, तिकडे तर बघूच नका.

दाखल्यांसाठी 'आपले सरकार'. महसूलचे बहुतेक दाखले तिथेच आहेत. सातबारा तिथे शोधू नका, त्याचं घर वेगळं: महाभूमी. आणि त्या घरालाही दोन खोल्या आहेत. 'भूलेख'वरचा उतारा फुकट, पण नुसता बघण्यापुरता. बँकेत नेला तर परत पाठवतात. 'डिजिटल सातबारा'वर खातं उघडून १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. त्याला तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. खाली १६ आकडी क्रमांक असतो, तो टाकून बँकवाला खरेखोटेपणा तपासू शकतो. माझ्या सासऱ्यांनी फुकटवाल्याच्या रंगीत प्रती काढून लॅमिनेशन करून ठेवल्या होत्या. सात प्रती.

बोरीकाठचा
१२ जून, रात्री ११:०५

पांझराताई, आभारी आहे. लॅमिनेशनचं बायकोला वाचून दाखवलं. 😄

डिजिटल सातबाऱ्यावर खातं आत्ताच उघडायला बसलो. म्हटलं बाबांचाच नंबर देऊ, त्यांच्या नावावर राहील. ओटीपी गेला गावी. बाबांनी चष्मा शोधला. मग वाचायला लागले, "त्रेसष्ट... छत्तीस... एकोणऐंशी." इकडे टाइप करायला पोरगी बसलेली, इंग्रजी शाळेतली. तिला त्रेसष्ट आणि छत्तीस दोन्ही सारखेच. तिने ३६६३ टाकलं. चुकलं. दुसरा ओटीपी आला तोवर बाबा गुरांना पाणी पाजायला गेलेले. तिसऱ्या वेळी आईने वाचला, एकेक आकडा सुटा, "सहा, मंग तीन". तेव्हा जमलं.

गिरणेचं पाणी
१३ जून, सकाळी ७:२०

एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यात माझी बँकेतली पोरगीही अडकते. तिला 'सेवंटी नाइन' म्हणावं लागतं. सरकारने ओटीपीतून एकोण काढून टाकावेत.

निवृत्त अव्वल कारकून
१३ जून, सकाळी ८:०२

वरच्या सूचना बरोबर आहेत, पण खरी अडचण त्यांनी सुटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महसुलात नोकरी झाली, त्यामुळे वाईट सवय आहे.

लोक वस्तू शोधतात ती बोलीतल्या नावाने. सरकारने ती ठेवलेली असते कागदावरच्या नावाने. तुम्ही म्हणता डोमिसाइल, आपले सरकारच्या यादीत ते आहे 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. तुम्ही म्हणता नॉन क्रिमीलेयर, कागदावर आहे 'उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र'. बँकेचा माणूस सॉल्व्हन्सी मागतो, यादीत 'ऐपतीचा दाखला'. 'बाप वारला, नाव लावायचंय' असं कुणी शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण तिथे तो 'वारस नोंदीचा फेरफार' असतो. नाव कळलं की निम्मं काम झालं. आमच्या काळी खिडकीवर आलेल्या म्हाताऱ्याला शिपाईच सांगायचा, "बाबा, तुम्हाला खात्याचा आठ-अ उतारा पायजे, सातबारा नाही." आता शिपाई नाही, नुसती खिडकी आहे.

म्हणून माझी पद्धत उलटी. आधी 'आपले सरकार'वर आत जाऊन विभागानुसार सेवांची पूर्ण यादी डोळ्याखालून घालायची. महसूल, ग्रामविकास, कामगार, परिवहन असे विभाग दिलेले असतात. आपल्या कामाचं नाव काय ठेवलंय ते यादीत बघायचं आणि मग तेच नाव घेऊन बाहेर शोधायचं.

जातीच्या दाखल्याबद्दल: अर्ज पुण्यातून करता येईल, पण तो जाईल तुमच्या मूळ तालुक्यात. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी वडील-आजोबा कुठे राहत होते त्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गाव नमुना १४ चा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा, उतारा असेल तर आधी तो शोधा. ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांचा असतो, हा कागद शोधायला दहा दिवस जातात.

कळण्याची भाकर
१३ जून, सकाळी ८:३१

नाना, 'नवरा घरकामात मदत करत नाही' याला कागदावर काय म्हणतात? कोणत्या विभागात शोधू?

निवृत्त अव्वल कारकून
१३ जून, सकाळी ८:४०

'प्रकरण प्रलंबित' असं म्हणतात ताई. विभाग कोणताही धरा.

खान्देशी ठसका
१३ जून, सकाळी ८:४२

🤣🤣 नाना फॉर्मात

केळीची बाग
१३ जून, दुपारी १:१०

रावेर तालुका. इथे सगळे दाखल्यांबद्दल बोलून राहिले, शेतकऱ्याचं ऑनलाइन वेगळंच आहे. आम्हाला साइट सापडते हो. सापडते तेव्हा मुदत संपलेली असते.

ई-पीक पाहणी घ्या. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली. पीक आपणच मोबाइलवर नोंदवायचं. कल्पना चांगली आहे, मी विरोधात नाही. आधी काय व्हायचं, तलाठी आप्पा चावडीत बसून सगळ्यांच्या बाराला, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकाच्या भागात, 'कापूस' मारून मोकळे व्हायचे. आता मात्र जागेवर उभं राहून फोटो द्यावा लागतो. नवीन अॅपमध्ये आपल्या गटाच्या, म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या, ५० मीटरच्या आत नसाल तर फोटो घेतच नाही. आमचा गट नाल्याच्या पलीकडे. मी बांधावर उभा, अॅप म्हणतं तुम्ही लांब आहात. शेजाऱ्याच्या हरभऱ्यात उभा राहिलो तर म्हणतं आता बरोबर! नकाशा आणि रान यांचं जुळतच नाही. शेवटी विहिरीच्या धक्क्यावर चढलो, एका हातात फोन, दुसऱ्या हाताने मोटारीचा पाइप धरलेला, तेव्हा फोटो घेतला. खाली बायको ओरडत होती की विहिरीत पडाल.

आणि ही नोंद नसली तर किती जागी अडकतं ते बघा. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी लागते, आणि तिथे सातबाऱ्यावर कापसाची नोंद विचारतात. फळपीक विम्यालाही केळीची नोंद बघतात. महाडीबीटी या अनुदानाच्या साइटवर ठिबकचा अर्ज करायचा तर आता शेतकरी ओळख क्रमांक आधी. म्हणजे एक दार उघडायला दुसऱ्या दाराची किल्ली, अन् ती किल्ली तिसऱ्याच्या खिशात. बोरीकाठच्यांनी विचारलं सगळं एका ठिकाणी आहे का. नाही भाऊ. पण सगळं एकमेकांत अडकलेलं मात्र आहे.

एक कामाची गोष्ट सांगतो: पीक चुकीचं नोंदवलं गेलं तर ४८ तासांत अॅपमध्येच दुरुस्त करता येतं. आमच्या गावात हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

पांझरा
१३ जून, दुपारी १:४५

"शेजाऱ्याच्या हरभऱ्यात उभा राहिलो तर म्हणतं आता बरोबर" हे वाचून हसू आलं, पण खरं आहे. आमच्या साक्रीकडे डोंगरउतारावर हेच होतं.

शटर अर्धं वर
१३ जून, रात्री १०:५०

सेवा केंद्र चालवतो. गाव सांगत नाही, उद्या गिऱ्हाईक भांडायला येईल.

'सेतूवाले लुटतात' असं अजून कुणी म्हटलं नाहीये, पण येणारच, म्हणून आधीच लिहितो. तुम्हाला वाटतं आम्ही बटण दाबायचे पैसे घेतो. दाखल्याचा फोटो १६० बाय २०० पिक्सेलचा लागतो, ५ ते २० केबीत. कागदपत्रं ७५ ते ५०० केबीत. माणूस येतो, खिशातून घडी घातलेलं रेशनकार्ड काढतो, घडीवर नाव फाटलेलं. ते स्कॅन करायचं, वाचता आलं पाहिजे, आणि तरी ५०० च्या आत बसवायचं. जूनमध्ये दिवसा साइट जड चालते, म्हणून रात्री अकरानंतर शटर अर्धं खाली ओढून अर्ज चढवतो. बायको म्हणते तुमचं लग्न सर्व्हरशी लागलंय.

दुसरं, अर्ज 'त्रुटी' म्हणून परत आला की गिऱ्हाईक आम्हालाच शिव्या घालतं. त्रुटी काय, तर आधारवर 'श्याम', शाळेच्या दाखल्यावर 'शाम', सातबाऱ्यावर 'शामा'. माणूस एकच, समोर उभा. पण कागदावर तिघे भाऊ.

गिरणेचं पाणी
१४ जून, सकाळी ६:५५

शटरभाऊ, मान्य. पण तुमच्यातलेही काही आहेत. मागच्या वर्षी एका केंद्रावर माझ्या मावशीकडून उत्पन्नाच्या दाखल्याचे ४०० घेतले आणि पावती मागितली तर म्हणे "पावतीचे वेगळे". दरपत्रक भिंतीवर होतं, त्याच्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलेलं.

शटर अर्धं वर
१४ जून, सकाळी ७:३०

कॅलेंडर उचलून बघायचं ताई. पावती संगणकातून आपोआप निघते, तिच्यावर अर्ज क्रमांक असतो. पावती देत नाही म्हणजे अर्जच भरला नसेल, हेही होतं. अर्ज क्रमांकाशिवाय केंद्रातून उठायचंच नाही. त्या क्रमांकावर घरी बसून अर्ज कुठे पोचला ते बघता येतं.

सातपुड्याचा वारा
१४ जून, दुपारी ४:१२

धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. वरच्या चर्चेत सगळे 'साइट कोणती' यावर अडलेत. आमच्याकडे त्याच्या आधीची पायरी आहे: रेंज कोणत्या झाडाखाली?

नर्मदेच्या काठच्या गावांत कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. फोनवर मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा संदेश येतो, कधी गुजरातचा. पाय मात्र अक्राणी, म्हणजे धडगाव, तालुक्यातच. पालकांचे ओटीपी यायचे म्हणून मी चार-पाच जणांचे फोन पिशवीत घालून टेकडीवर जातो. प्रत्येक फोनला मागे कागद चिकटवलाय, कुणाचा ते कळावं म्हणून. एकदा दोन कागद पावसाने निघाले आणि एका बाईचा ओटीपी दुसरीच्या अर्जात गेला.

लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली तेव्हा, २०२५ च्या सप्टेंबरात, टेकडीवर जत्रा भरली होती अक्षरशः. कुणीतरी भजी तळायला घेतली.

वनहक्काचे जमीनपट्टे मिळालेल्यांचं आणखी वेगळं. पट्टा मिळालाय २००६ च्या कायद्याने, पण जमिनीचा मालक म्हणून उताऱ्यावर वन विभाग. अर्जात 'खाते क्रमांक टाका' म्हटलं की पोरं माझ्याकडे बघतात. कागद त्यांच्याकडे आहे हो, नवरा-बायको दोघांच्या नावाचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगलेला. पण फॉर्ममध्ये त्या कागदासाठी रकाना सापडत नाही.

कळण्याची भाकर
१४ जून, सायंकाळी ५:००

सर, पिशवीतले फोन वाचून गप्प झाले.

खान्देशी ठसका
१४ जून, सायंकाळी ५:२०

मन्हा आज्या म्हनस, "आते तं सातबाराबी मोबाईलवर शे, पन मोबाईल कोठे शे?" 

बाकी भजीवरून आठवलं. थंडीत यंदा भरीत पार्टी कुठे? बामणोदची वांगी मी आणतो.

केळीची बाग
१४ जून, सायंकाळी ५:३१

जूनमध्ये भरीताचं नाव काढू नका. वांगी थंडीचीच, अन् तीही काट्यावर भाजलेली. तुरीच्या काट्या नसतील तर मला बोलावूच नका. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्यांचा रहिवास दाखला रद्द केला पाहिजे.

पांझरा
१४ जून, सायंकाळी ५:३८

'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास', बाग भाऊ. नाना रागावतील.

बोरीकाठचा
१५ जून, सकाळी १०:१८

धागा भरीतावर गेला म्हणजे आता खान्देशचा झाला. 😄

ताजी खबर. नानांनी सांगितल्यावर आईने पेटी उपसली. आजोबांचा शाळेचा दाखला मिळाला, मराठी चौथीचा. पण त्यावर जिल्हा 'पूर्व खानदेश' लिहिलाय. अर्जात तर जळगाव निवडावं लागतं. हे चालेल का, की पुन्हा त्रुटी?

निवृत्त अव्वल कारकून
१५ जून, सकाळी १०:४५

चालेल. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे नवापूर-तळोद्याच्या माणसाच्या घरात आजोबांचा कागद पश्चिम खानदेशचा, बापाचा धुळ्याचा आणि पोराचा नंदुरबारचा असे तीन जिल्हे असतात, आणि घर जागचं हललेलं नसतं. मुक्ताईनगरवाल्यांच्या जुन्या कागदांवर एदलाबाद असतं. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असतं. बाहेरून आलेल्या नव्या माणसाला नसलं तर अर्जासोबत साध्या कागदावर दोन ओळी लिहून जोडा.

धुळेकरांसाठी: महसूलचे जुने स्कॅन केलेले अभिलेख महाभूमीवर 'आपले अभिलेख'मध्ये बघायला मिळतात. जुने फेरफार, जुने सातबारे. फाटलेल्या बस्त्यात हात घालण्यापेक्षा बरं.

आणि कुणी 'शासन निर्णय आहे' असं तोंडी सांगितलं तर त्याचा संकेतांक मागा. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेलं असतं, 'त्याचा संकेतांक अमुक असा आहे'. १८ आकडी असतो आणि सुरुवात तारखेने होते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या शोधात टाकला की मूळ कागद समोर. व्हॉट्सअॅपवर फिरणारे निम्मे 'जीआर' तिथेच गळून पडतात. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा मुद्रांक अजून कुणी मागत असेल तर ते शुल्क २०२५ मध्ये माफ झालंय, हेही असंच मूळ कागद काढून दाखवावं.

वाघूरचा वळसा
१५ जून, दुपारी १२:३०

मी जरा वेगळं बोलतो. सगळे म्हणतायत साइट चांगली, साइट वाईट. माझा अनुभव असा की ऑनलाइनचा खरा फायदा वेगाचा नाही, तारखेचा आहे.

दोन वर्षांपूर्वी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला होता. मुदत १५ दिवसांची. महिना झाला तरी 'प्रक्रियेत'. कार्यालयात गेलो तर "साहेब दौऱ्यावर". पूर्वी असतं तर परत आलो असतो. पण अर्ज कधी केला ते संगणकात होतं, कुणाला खोडता येत नव्हतं. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिलं अपील ३० दिवसांत त्याच विभागातल्या वरिष्ठांकडे, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. अपीलही 'आपले सरकार'वरूनच करता येतं.

केलं पहिलं अपील. चार ओळींचं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "अहो, आधी सांगायचं ना, अपील कशाला?" चौथ्या दिवशी दाखला. दंड वगैरे काही झाला नाही, मला नकोही होता.

गिरणेचं पाणी
१५ जून, दुपारी १:०५

वाघूरभाऊ, हे तुम्हाला जमलं कारण तुम्ही लिहू शकता आणि भिडस्त नाही. माझ्या मावशीने अपील केलं तर पुढच्या वर्षी त्याच टेबलावर जायचंय तिला. गावात वैर कोण घेईल?

वाघूरचा वळसा
१५ जून, दुपारी १:२०

हा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. पण मावशीच्या वतीने माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही टाकू शकता, गावाबाहेरून. तोही ऑनलाइन होतो, १० रुपयांत. उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमांत एक अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'अर्ज क्रमांक अमुक सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून', एवढं विचारायला १५० शब्द पुष्कळ झाले.

गिरणेचं पाणी
१५ जून, दुपारी १:२४

हं. हे बघते करून.

केळीची बाग
१५ जून, रात्री ८:४०

१५० शब्दांत आमच्या नाल्यापलीकडचा गट समजावून दाखवा, भरीत माझ्याकडून.

बोरीकाठचा
१९ जून, रात्री ९:५५

मंडळी, काम कुठवर आलं ते सांगायचं राहिलं.

दाखल्याचा अर्ज मी इथूनच केला, नानांच्या दोन ओळी जोडून. मूळ कागद स्कॅन करून द्यायला गावातल्या केंद्रावर भावकीतला पोरगा गेला. त्यांनी पावती न मागता दिली, आणि दर भिंतीवरचाच घेतला. कॅलेंडर नव्हतं, मुद्दाम विचारलं. 

सातबारा निघाला. १५ रुपये, डिजिटल सही, सगळं व्यवस्थित. बँकेलाही चालेल. पण पहिल्यांदाच तो नीट वाचला. इतके दिवस बाबा फक्त 'आपला उतारा' म्हणून घडी घालून ठेवायचे, आत काय आहे कुणी बघितलंच नव्हतं. तर बाबांच्या नावापुढे लिहिलंय 'अ.पा.क.', आणि पुढे माझ्या पणजीचं नाव. पणजी जाऊन चाळीस वर्षं झाली. नाना, हे काय आहे?

निवृत्त अव्वल कारकून
१९ जून, रात्री १०:२०

अज्ञान पालक कर्ता. तुमचे आजोबा गेले तेव्हा वडील लहान असणार. नोंद करताना त्यांचं नाव अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून लावलं आणि पालक म्हणून तुमच्या पणजीचं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर तो शेरा काढायचा असतो. कुणी काढत नाही. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजरच्या नोंदीही अशाच गावोगाव पडून आहेत.

घाबरू नका. महाभूमीवर 'ई-हक्क' आहे, त्यात 'अपाक शेरा कमी करणे' असाच अर्ज आहे. वयाचा पुरावा जोडा. तो तुमच्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जाईल, म्हणजे तलाठ्याकडेच, नाव तेवढं २०२४ मध्ये बदललं. मयतांची नावं काढून वारस लावायची 'जिवंत सातबारा' मोहीम २०२५ मध्ये निघाली, तिच्यात असल्या नोंदीही पुढे आल्या. वडिलांचं वय काय?

बोरीकाठचा
१९ जून, रात्री १०:२४

अडुसष्ट.

खान्देशी ठसका
१९ जून, रात्री १०:२५

अडुसष्ट म्हणजे ६८ ना? पोरीला विचारून सांगा 🤣

बोरीकाठचा
१९ जून, रात्री १०:५२

ठसकाभाऊ 😄

बाबांना आत्ता फोन करून सांगितलं की सरकारी कागदावर तुम्ही अजून अज्ञान आहात, पालक म्हणून आजी लावलीय. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हनजे मी आजूनबी धाकलाच शे का?" आणि लगेच आईला हाक मारून सांगितलं, "आयकं का, उद्या वावरमा मी जात नही. मन्ही आजीले इचार."

ई-हक्कचं खातं उद्या उघडतो. ओटीपी वाचायला आईला बसवणार आहे.